हंटिंग्टनचा आजार : ईस्ट हॅम्प्टनपासून दृष्टिक्षेत्रापर्यंत

हंटिंग्टनचा आजार हा आईकडून किंवा वडिलांकडून मुलांकडे येणारा आणि मेंदूतल्या पेशी हळूहळू मारणारा विकार आहे. दोघांपैकी एकाला तो असला, तरी प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. बहुतेकांना तो तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान गाठतो, म्हणजे संसार मांडून झाल्यावर, मुलेबाळे झाल्यावर. त्यानंतर पंधरा-वीस वर्षे तो वाढत जातो. अंगाला बसणारे, आवरता न येणारे हिसके हे त्याचे सर्वांत ठळक लक्षण; वैद्यकात त्यांना कोरिया म्हणतात. हे लक्षण इतके ठळक आहे, की शंभराहून अधिक वर्षे डॉक्टरांचे लक्ष तिथेच खिळून राहिले. डोळ्यांकडून आलेल्या संदेशांमधून जिथे दृश्य घडते, त्या मेंदूच्या मागच्या भागातही हा आजार पोचतो, हे फार उशिरा मोजले गेले.

आजाराला ज्यांचे नाव मिळाले ते जॉर्ज हंटिंग्टन १८५० साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर, ईस्ट हॅम्प्टन गावात जन्मले. त्यांचे आजोबा एबेल हंटिंग्टन १७९७ मध्ये त्या गावात डॉक्टर म्हणून आले. पुढे वडिलांनीही तिथेच व्यवसाय केला. एका गावात एकाच घराण्याने तीन पिढ्या रोगी पाहिले आणि टिपणे ठेवली, ही गोष्ट या इतिहासात फार मोलाची ठरली. पिढ्यान् पिढ्या चालणारा आजार ओळखायला पिढ्यान् पिढ्या पाहणारी नजर लागते. लहानपणी जॉर्ज वडिलांबरोबर घोडागाडीतून रोगी पाहायला जात. ईस्ट हॅम्प्टनहून अमागॅन्सेटला जाणाऱ्या रस्त्यावर उंच, किडकिडीत अशा मायलेकी त्यांना एकदा दिसल्या. दोघी वाकत होत्या, अंग पिळत होत्या, तोंडे वेडीवाकडी करत होत्या. ही आठवण त्यांनी उतारवयात, १९०९ साली न्यूयॉर्कच्या चेताविकारतज्ज्ञांपुढे सांगितली.

वैद्यकाची पदवी घेऊन ते ओहायो राज्यात गेले. १५ फेब्रुवारी १८७२ रोजी मिडलपोर्ट येथील एका वैद्यकीय मंडळापुढे त्यांनी 'कोरियाविषयी' हा निबंध वाचला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो फिलाडेल्फियाच्या एका नियतकालिकात छापून आला. निबंधाचा बराचसा भाग लहान मुलांना होणाऱ्या, बऱ्या होणाऱ्या कोरियाबद्दल आहे. आनुवंशिक प्रकार शेवटी थोडक्यात येतो. पण त्या थोडक्यात सांगितलेल्या तीन खुणा आजही बहुतांशी खऱ्या ठरतात: आजार घराण्यात चालतो, त्यात मन बिघडण्याकडे आणि आत्महत्येकडे कल असतो, आणि त्याचे गंभीर रूप प्रौढ वयातच दिसते. एखादे अपत्य त्यातून सुटले, की त्याच्या वंशात तो पुन्हा डोके वर काढत नाही, हेही हंटिंग्टन यांनी नोंदवले. आनुवंशिकतेचे नियम मांडणारे मेंडेल यांचे संशोधन जगापुढे पुन्हा यायला तेव्हा अजून अठ्ठावीस वर्षे होती. बावीस वर्षांच्या नवशिक्या डॉक्टरने प्रभावी आनुवंशिकतेचा नियम निव्वळ घराण्यांच्या नोंदींवरून बरोबर लिहून ठेवला होता.

हंटिंग्टन हे पहिले निरीक्षक मात्र नव्हेत. अमेरिकेत चार्ल्स वॉटर्स यांनी १८४१ साली एका पत्रात असा आनुवंशिक कोरिया वर्णिला होता. नॉर्वेतल्या सेटेस्डाल या दुर्गम खोऱ्यात योहान क्रिस्टियान लुंड या डॉक्टरांनी १८६० मध्ये तिथल्या घराण्यांतला हाच विकार शासकीय अहवालात नोंदवला. ती नोंद नॉर्वेजियन भाषेत असल्यामुळे बाहेरच्या जगाला जवळपास शंभर वर्षे कळलीच नाही.

मेंदूत नेमके काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ आधी मेंदूच्या पृष्ठभागाकडेही वळले होते, हे विशेष. इटलीचे कामिल्लो गोल्जी यांनी १८७४ मध्ये कोरिया आणि मनोविकार दोन्ही असलेल्या एका रुग्णाचा मेंदू तपासला. त्यांना मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या करड्या थरात, आणि आतल्या स्ट्रायटम नावाच्या भागातही बिघाड दिसला. पुढे १९०८ मध्ये नेदरलँड्समधील लायडनचे येल्गर्स्मा यांनी स्ट्रायटमचा कॉडेट हा भाग आकसल्याचे दाखवले. १९११ मध्ये आलॉइस आल्झायमर यांनीही स्ट्रायटमकडेच बोट दाखवले. कॉडेट आणि पुटामेन हे दोन भाग मिळून स्ट्रायटम बनते. हालचालींची निवड आणि आवर यांत त्याचा मोठा वाटा असतो. हिसके आणि स्ट्रायटम यांची सांगड इतकी चपखल बसली, की बाह्यकाचा विचार मागे पडला. १९८५ मध्ये जाँ-पॉल फोनसाटेल आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंची शून्य ते चार अशी प्रतवारी ठरवली. ही प्रतवारी आजही वापरात आहे आणि तिचा सगळा भर स्ट्रायटमवर आहे.

आजार घराण्यात चालतो हे कळल्याचे परिणाम रुग्णांसाठी मात्र भयंकर झाले. ज्या लाँग आयलंडवर हंटिंग्टन यांनी त्या मायलेकी पाहिल्या, त्याच बेटावरच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी वंशसुधारणेचे नोंदणी कार्यालय काढले. १९१६ मध्ये डेव्हनपोर्ट आणि एलिझाबेथ मन्सी यांनी ९६२ रुग्णांचा अभ्यास छापला आणि अशा कुटुंबांच्या स्थलांतरावर व संततीवर बंधने घालावीत, असा पुरस्कार केला. १९३२ मध्ये पर्सी व्हेसी या मनोविकारतज्ज्ञांनी न्यू इंग्लंडमध्ये चेटकिणी म्हणून छळल्या गेलेल्या बायका याच घराण्यांतल्या होत्या, असा दावा केला. त्यांनी मांडलेल्या वंशावळी पुढच्या संशोधकांना चुकीच्या आढळल्या, तरी ती कथा पाठ्यपुस्तकांतून कित्येक वर्षे फिरत राहिली. जर्मनीत जुलै १९३३ मध्ये नाझी सरकारने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. त्यात दिलेल्या आजारांच्या यादीत हा आजार नावानिशी होता. घरातला आजार लपवून ठेवण्याची या कुटुंबांची सवय अशा अनुभवांतून घट्ट झाली. तिला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

ही कोंडी फुटू लागली ती १९६७ मध्ये. गायक वुडी गथ्री यांचा त्या वर्षी याच आजाराने मृत्यू झाला आणि त्यांच्या माजी पत्नी मार्जोरी यांनी रुग्णांची संघटना उभारली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसचे मनोविश्लेषक मिल्टन वेक्सलर यांच्या घटस्फोटित पत्नी लिओनोर यांना याच आजाराचे निदान झाले. वेक्सलर यांनी संशोधनासाठी संस्था काढली. त्यांची मुलगी नॅन्सी या मानसशास्त्रज्ञ होत्या आणि स्वतः निम्म्या धोक्याच्या छायेत होत्या. या कामाला त्यांनी आयुष्य वाहिले, आणि त्यासाठी त्या व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराच्या काठी पोचल्या.

हे सरोवर दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला आहे. त्याच्या काठावर सान लुइस, बारांकितास अशा वस्त्या आहेत आणि लागुनेतास नावाचे एक गाव पाण्यातच, खांबांवर उभे आहे. जगात इतरत्र आढळत नाही इतक्या दाटीने हा आजार या वस्त्यांत आहे. अमेरिको नेग्रेते हे तरुण डॉक्टर १९५० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे कामाला आले. रस्त्याने झोकांड्या खात जाणारी माणसे पाहून ती दारू प्यायली असावीत, असे त्यांना आधी वाटले. गावकऱ्यांनी सांगितले, की हा आजार आहे. नेग्रेते यांनी घरोघरी जाऊन वंशावळी जुळवल्या आणि १९५५ मध्ये काराकास येथील वैद्यकीय परिषदेत हा हंटिंग्टनचाच आजार असल्याचे मांडले. फारशी दखल कोणी घेतली नाही. १९६३ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये हंटिंग्टन यांच्या निबंधाच्या शताब्दीनिमित्त ओहायोत जमलेल्या शास्त्रज्ञांपुढे नेग्रेते यांचे शिष्य रामोन आविला-हिरोन यांनी या वस्त्यांमधली चित्रफीत दाखवली, तेव्हा कुठे बाहेरच्यांचे डोळे उघडले. पुढे आलेल्या मोठ्या शोधाची पायाभरणी नेग्रेते यांनी केली होती, पण तिचे श्रेय त्यांच्या वाट्याला कमीच आले.

नॅन्सी वेक्सलर १९७९ मध्ये पहिल्यांदा तिथे गेल्या. १९८१ पासून दर वर्षी शास्त्रज्ञांचे पथक जाऊ लागले. रक्त आणि कातडीचा तुकडा द्यायला लोक बिचकत होते. वेक्सलर यांनीही आपल्या दंडावरचा तुकडा दिला होता. त्या दंडावरचा व्रण दाखवून पथकातल्या परिचारिकेने सांगितले, की यांच्याही घरात हाच आजार आहे. त्यानंतर लोकांची भीड मोडली. कुटुंबांची जोडलेली वंशावळ अखेर दहा पिढ्या आणि १८,००० हून अधिक माणसांपर्यंत पोचली. तिच्या मुळाशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची एक स्त्री असल्याचे मानले जाते.

रक्ताचे नमुने विमानाने बॉस्टनला जात. तिथे जेम्स गुसेला यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये आजाराशी जोडलेली खूण चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. जनुक कोणते हे ठाऊक नसतानाही केवळ वंशावळ आणि डीएनएतल्या खुणा यांच्या आधारे ते कोणत्या गुणसूत्रावर आहे हे सांगण्याचा हा फार मोठा टप्पा होता. प्रत्यक्ष जनुक सापडायला आणखी दहा वर्षे लागली. मार्च १९९३ मध्ये सहा गटांच्या संयुक्त प्रयत्नातून ते प्रसिद्ध झाले. त्यात डीएनएमधली सी, ए, जी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. ही पुनरावृत्ती निरोगी माणसात २६ पर्यंत असते. ४० किंवा त्याहून जास्त असली, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. पुनरावृत्ती जितकी जास्त, तितके आजाराचे वय साधारणपणे कमी. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला हंटिंग्टिन हे नाव मिळाले. ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत असते, आणि म्हणूनच आजार फक्त स्ट्रायटमचा आहे हे समीकरण डळमळू लागले.

स्ट्रायटमबाहेरचा असाच एक भाग दृष्टीचा. माणसाच्या मेंदूत डोळ्यांचे संदेश सर्वांत मागे, पश्चकपाल खंडात येऊन पोचतात. पार्मा येथील विद्यार्थी फ्रांचेस्को जेन्नारी याला १७७६ मध्ये गोठवलेल्या मेंदूचे काप करताना तिथल्या करड्या थरात एक पांढरी रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसली होती. प्राथमिक दृष्टिक्षेत्राची ती ओळख आहे. १९०९ मध्ये कोर्बिनियान ब्रोडमान यांनी बाह्यकाचे नकाशे काढले, तेव्हा या क्षेत्राला १७ हा क्रमांक मिळाला आणि त्याला वेढणाऱ्या क्षेत्रांना १८ व १९. रेषा, कडा, उजेड-अंधार यांची पहिली छाननी १७ मध्ये होते. तिथून एक वाट खाली, कानशिलाकडे जाते आणि वस्तू व चेहरे ओळखते. दुसरी वर जाते आणि वस्तू कुठे आहे, कशी हलते हे पाहते.

या आजाराचा डोळ्यांशी संबंध पहिल्यांदा लक्षात आला तो नजरेच्या हालचालींतून. १९६७ मध्ये आर्नल्ड स्टार यांनी दाखवले, की रुग्णांना एका वस्तूवरून दुसरीवर झटकन नजर नेणे जड जाते. काही जण नजर हलवण्यासाठी पापण्या मिटतात किंवा मान झटकतात. रुग्णांच्या तपासणीसाठी आज सर्वत्र वापरली जाणारी गुणपट्टी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली; तिची सुरुवातच डोळ्यांच्या हालचालींपासून होते. पण नजर फिरवणे आणि पाहणे यांत फरक आहे. फिरवण्याचा दोष पुन्हा हालचालींच्या खात्यात जमा झाला, आणि पाहण्याचा प्रश्न तसाच राहिला.

त्याचा पहिला ठोस पुरावा विजेच्या लहरींनी दिला. डोळ्यांसमोर चौकटींची नक्षी उलटसुलट होत राहिली, की मेंदूच्या मागच्या भागात एक विद्युत् लहर उठते आणि ती डोक्याला लावलेल्या तारांनी टिपता येते. १९७८ आणि १९८१ मधल्या अभ्यासांत या रुग्णांची लहर वेळेवर उठते पण तिची उंची कमी असते, असे आढळले. या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. लहर उशिरा आली असती, तर डोळ्यांपासून येणाऱ्या चेतेत दोष आहे असे म्हणता आले असते. संदेश वेळेवर पोचतो आणि तरी प्रतिसाद क्षीण असतो, याचा अर्थ वाट धड आहे आणि कमतरता पोचण्याच्या जागी आहे. तरीही पुढची वीस वर्षे या धाग्याचा फारसा पाठपुरावा झाला नाही.

खुद्द स्ट्रायटमच्या अभ्यासातही दृष्टीकडे जाणारा एक दुवा होता. कॉडेटला डोके, धड आणि मागे वळत जाणारी शेपटी असते. फोनसाटेल यांच्या निरीक्षणानुसार ऱ्हास शेपटीकडे लवकर सुरू होतो. माकडांच्या मेंदूवरील अभ्यासातून असे दिसले होते, की या शेपटीला तंतू येतात ते मुख्यतः वस्तू ओळखणाऱ्या दृष्टिक्षेत्रांकडून. म्हणजे ज्या जागी आजार आरंभी दिसतो, ती जागा दृष्टीच्या जाळ्याचाच भाग आहे. स्ट्रायटम आणि दृष्टिक्षेत्र यांतला एकच भाग निवडण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही एका जाळ्यात गुंतलेले आहेत.

जिवंत माणसाच्या मेंदूच्या थरांची जाडी एमआरआयने मोजता येऊ लागल्यावर चित्र स्पष्ट झाले. २००२ मध्ये बॉस्टनच्या डायना रोसास आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे बाह्यक पातळ होत जाते आणि हा बदल मागच्या भागांकडून पुढच्या भागांकडे सरकताना दिसतो, असे मांडले. आतापर्यंत आजाराचा शेवटचा परिणाम समजला जाणारा बाह्यकाचा ऱ्हास बराच आधी सुरू होतो, हे यातून पुढे आले. २००८ पासून लंडन, पॅरिस, लायडन आणि व्हँकूव्हर येथे ३६६ जणांचा संयुक्त अभ्यास झाला. त्यात निरोगी लोक, जनुक असूनही लक्षणे नसलेले लोक आणि नुकतीच लक्षणे दिसू लागलेले रुग्ण, असे तीन गट होते. या माहितीवर आधारलेल्या पुढच्या एका कामात पश्चकपाल खंडाची जाडी आणि बौद्धिक चाचण्यांतले गुण यांचा संबंध दिसून आला. त्या चाचण्यांपैकी एकीत कागदावरच्या चिन्हांखाली ठरलेले आकडे दीड मिनिटात भरायचे असतात. या आजाराच्या अगदी सुरुवातीची घसरण पकडणारी म्हणून ती चाचणी प्रसिद्ध आहे. ती विचारांचा वेग मोजते, असे मानले जाई. पण नजर ओळीवरून धावणे, चिन्ह ओळखणे, ते शोधून काढणे या सगळ्यांचा भार दृष्टीवर असतो. मंद विचार म्हणून नोंदलेला दोष काही अंशी मंद पाहण्याचा असू शकतो, हा मुद्दा उपचारांच्या मापनासाठी महत्त्वाचा आहे.

२०१८ मध्ये लायडनच्या गटाने थेट दृष्टिक्षेत्रावर लक्ष केंद्रित केले. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत पश्चकपाल भागाचा आकार घटलेला आणि चित्रे दाखवल्यावर मेंदूतून मिळणारा प्रतिसाद काही ठिकाणी कमी झालेला आढळला. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रिचर्ड फॉल यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने दान केलेल्या मेंदूंतल्या पेशी एकेक करून मोजल्या. हे काम कष्टाचे आहे, आणि रुग्णांच्या कुटुंबांनी दिलेल्या दानावर ते उभे आहे. २०१० मध्ये या गटाने दाखवले, की ज्यांना हालचालींचा त्रास जास्त होता त्यांच्या हालचालींच्या क्षेत्रातल्या पेशी जास्त गेल्या होत्या, आणि ज्यांचे मन जास्त बिघडले होते त्यांच्या भावनांशी संबंधित क्षेत्रातल्या. २०१४ मध्ये त्यांनी बाह्यकाची इतर क्षेत्रे तपासली आणि दृष्टिक्षेत्रातही पिरॅमिडसारख्या आकाराच्या मोठ्या चेतापेशी कमी झालेल्या आढळल्या. या पेशी दूरच्या भागांना संदेश पाठवतात. त्या गेल्या, की पाहिलेले पुढे पोचत नाही.

रुग्णाला याचा अनुभव आंधळेपणाचा नसतो. चष्म्याच्या तपासणीत त्याची दृष्टी बहुधा ठीक निघते. अडचण येते ती हलत्या, फिकट कडांच्या वस्तूंत, गर्दीत एखादी गोष्ट शोधण्यात, अंतराचा अंदाज घेण्यात. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग, भीती, किळस ओळखण्यातही रुग्ण कमी पडतात; किळस ओळखता न येण्याचा अभ्यास १९९६ मध्ये गाजला. ही उणीव केवळ दृष्टिक्षेत्राची नाही, भावनांच्या केंद्रांचाही त्यात वाटा आहे. पण घरच्यांना ती बेपर्वाई वाटते, आणि कारण माहीत नसेल तर नाती दुखावतात. पेल्यातले पाणी सांडणे, उंबऱ्याला ठेचकाळणे, गाडी चालवताना बाजूचे वाहन उशिरा दिसणे या गोष्टी हिसक्यांच्या माथी मारल्या जातात. त्यांतल्या काही प्रत्यक्षात नजरेशी निगडित असतात. खोलीत भरपूर उजेड, पायऱ्यांच्या कडांना ठसठशीत रंग, ताटात गर्दी न करणे असे साधे उपाय अशा वेळी उपयोगी पडतात.

उपचारांच्या संशोधनाचा रोख मात्र अजून बराचसा स्ट्रायटमकडे आहे. जानेवारी २०२५ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी स्ट्रायटमच्या पेशींबद्दल महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. जन्मतः मिळालेली सी-ए-जीची साखळी काही पेशींत आयुष्यभर वाढत राहते, आणि ती सुमारे १५० च्या पुढे गेल्यावर पेशी बिघडू लागते, असे त्यात दिसले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका जनुकीय औषधाचे निष्कर्ष जाहीर झाले. मोठी मात्रा मिळालेल्या रुग्णांत तीन वर्षांत आजाराची वाढ ७५ टक्क्यांनी मंदावली, असे औषध बनवणाऱ्या कंपनीने सांगितले. या गटातले रुग्ण मोजकेच होते. हे औषध विषाणूच्या कवचात भरून, अनेक तास चालणाऱ्या शस्त्रक्रियेत थेट कॉडेट आणि पुटामेनमध्ये सोडले जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते तिथून चेतातंतूंच्या वाटेने बाह्यकापर्यंत पोचल्याचे दिसले आहे. पश्चकपाल खंडात ते थेट सोडले जात नसल्यामुळे दृष्टिक्षेत्रातल्या पेशींपर्यंत ते पोचण्याचा मार्ग याच तंतूंतून जातो.